बायोडेटातली शेवटची ओळ वर आणणाऱ्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

ऑफर लेटर आल्याचं गेल्या रविवारी मैदानावर तुम्हाला सांगितलं. तुम्ही "बरं झालं रे" म्हणालात, पाठीवर थाप मारलीत आणि लगेच त्या शाळकरी पोराच्या आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या, बग्गीचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर गळतोय म्हणून तिकडे वाकलात. पुढचं बोलायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही मला जे शिकवलंत ते आपल्या रविवारच्या कंपूतल्या अजून तिघा-चौघांना आज हवं आहे. शिवाय पलंगाखाली अर्धी खोललेली आरसी गाडी आणि कपाटात डिप्लोमाचं सर्टिफिकेट अशी बरीच घरं या पुण्या-पिंपरीत असणार.

गेल्या ऑक्टोबरात चाकणचं माझं काम सुटलं. तिथे फायनल इन्स्पेक्शनला होतो, थर्ड पार्टीच्या पगारावर. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, एवढंच सांगण्यात आलं. मोशीची खोली तिघांत होती, तरी भाडं थांबत नाही. आई कराडहून रोज फोन करायची आणि फक्त जेवलास का एवढंच विचारायची. नोकरीचा विषय काढायची नाही, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. डिसेंबरपर्यंत मी सत्तर-ऐंशी ठिकाणी अर्ज टाकले होते. शेवटी बग्गी विकायची ठरवली आणि गिऱ्हाईक आहे का म्हणून तुम्हाला विचारलं.

तुम्ही 'विकू नकोस' म्हणाला नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. तुम्ही विचारलंत, "घेणाऱ्याला गाडीबद्दल काय सांगणार?" मी सॅकमधून वही काढली. दोन वर्षांची नोंद होती तिच्यात. तारीख, हवेचं तापमान, पिनियनचे म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचे दात, किती मिनिटं पळवली, थांबल्यावर मोटर किती तापली, काय तुटलं, काय बदललं. तुम्ही उभ्या उभ्या दहा मिनिटं ती वाचलीत. टपरीवरचा चहा हातात तसाच गार झाला. मग म्हणालात, "तुझ्या बायोडेटात यातलं काय आहे?"

मी फोनवर दाखवलं. दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी: 'हॉबीज: क्रिकेट, गाणी ऐकणे, आरसी कार.'

"ही शेवटची ओळ वर घे." माझ्यासाठी गोष्ट तिथून सुरू झाली.

त्याच दुपारी तुमच्या गाडीच्या डिकीत वही उघडून बसलो. मे महिन्यातलं ते पान तुम्ही शोधून काढलंत. पिनियन पंधरा दातांवरून सतरावर नेला, गाडी सरळ रेषेत सुसाट झाली आणि आठव्या मिनिटाला बंद पडली. मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजली होती, ९६ अंश. आपल्या मैदानावर ८० च्या वर जाऊ द्यायची नाही असं सगळेच पाळतात. पुढच्या तीन रविवारी मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो होतो. आधी पंखा, मग पिनियन परत पंधरा, मग स्पर (पिनियनला लागून फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियनच्या मधली फट कागदाची पट्टी घालून नव्याने बसवली. शेवटच्या नोंदीत मोटर ७४ वर होती. मला यात विशेष काही वाटलं नव्हतं, गाडी बंद पडत होती म्हणून केलं. तुम्ही म्हणालात, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कंपनीत इंजिनिअर लोकांना शिकवावं लागतं."

मग प्रत्येक ओळ कशी लिहायची ते सांगितलंत. काय बिघडत होतं, काय मोजलं, काय बदललं, त्यानंतर काय झालं. 'बॅटरीचं ज्ञान' हे माझे दोन शब्द खोडून तिथे ३एस लायपो (तीन सेल जोडलेल्या लिथियम पॉलिमर) पॅकमधला कमजोर सेल लोडखाली कसा शोधला ते लिहायला लावलंत. 'टीममध्ये काम करण्याची क्षमता' हेही खोडलंत आणि विचारलंत, टीममध्ये काय केलंस ते सांग. गेल्या पावसाळ्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून ट्रॅकचा चढ नव्याने बांधला, त्याची मापं मी काढली होती. ते लिहिलं.

आणि एका गोष्टीवर तुम्ही फार कडक होतात. खोटं एक अक्षर नको. कंपनीत केलं ते कंपनीच्या खाली, मैदानावर केलं ते मैदानाच्या खाली, स्वतःचा छंद म्हणून स्पष्ट लिहून. मला कुणीतरी सल्ला दिला होता की आरसीची दोन वर्षं 'प्रोटोटाइपिंगचा अनुभव' म्हणून सरळ नोकरीतच घाल. तुम्ही तो ऐकूनही घेतला नाहीत. रिकाम्या महिन्यांबद्दलही तेच, विचारलं तर कॉन्ट्रॅक्ट संपलं असं एका वाक्यात सांग आणि या काळात काय शिकलास त्यावर ये. नंतर आपल्यातल्या आयटीवाल्या ताईंनी तो कागद दोन पानांवरून एका पानावर आणून दिला, रंगीत चौकटी काढून टाकल्या. त्यांचेही आभार.

अर्जांच्या बाबतीत तुम्ही मला थांबवलंत. त्या सत्तर-ऐंशीपैकी एका तरी पदावरचा माणूस दिवसभर काय करतो ते सांग, म्हणालात. मला एकाचंही सांगता येईना. मग तुम्ही पुण्याचा सगळा नकाशाच समजावून सांगितलात. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. इलेक्ट्रिक दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या मानकातल्या दुरुस्तीचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. नियम आले म्हणजे चाचण्या आल्या, चाचण्या आल्या म्हणजे त्या करणारे हात लागतात, असं तुमचं गणित. कोथरूडच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेवरून मी कितीदा गेलो असेन, पण ही मानकं तिथून निघतात आणि कुणालाही वाचता येतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही ते वाचायला लावलंत. निम्मं कळलं नाही. जे कळलं त्यात सेलचं तापमान, शॉर्ट सर्किट, जास्त चार्जिंग हे शब्द होते, आणि ते तर माझ्या वहीतलेच होते. त्या दिवसापासून मी टेस्टिंग, व्हॅलिडेशन आणि पॅक असेंब्ली एवढ्याच जागांना अर्ज केले. आठवड्याला चार-पाच, पण प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचून.

आपल्यातल्या विमानवाल्या मुलालाही तुम्ही असंच बसवलं होतंत, ते आठवतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलट सर्टिफिकेट घेता येतं, आणि फोम कापून विमान उडवणाऱ्याचा हात तिथे आधीच तयार असतो, हे त्याला तुमच्याकडूनच कळलं. त्याचं त्याने लिहावं, मी फक्त उल्लेख करतोय.

जानेवारीत मी एका एजंटला साडेसहा हजार देणार होतो. मोठ्या कंपनीत ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर, लावतो म्हणाला होता, रजिस्ट्रेशन आणि युनिफॉर्मचे पैसे आधी. आदल्या रात्री सहज म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "ऑफर लेटर कुठल्या मेल आयडीवरून आलं?" मी पाहिलं, साधा फुकटचा मेल होता, कंपनीचा नव्हता. "नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही," म्हणालात आणि फोन ठेवलात. आमच्याच खोलीतल्या एकाचे आधी असेच गेले होते. त्याने लाजेने कुणाला सांगितलंही नव्हतं. मी वाचलो ते त्या एका प्रश्नामुळे.

एक गोष्ट तेव्हा मला लागली होती, ती आज मोकळेपणी सांगतो. तुम्ही स्वतः याच लाइनमध्ये आहात आणि तुमच्या ओळखीने मला कुठेतरी चिकटवता येईल, असं माझ्या मनात होतं. मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, "शब्द टाकीन, पण तू तयार झाल्यावर." दोन आठवडे मी मैदानावर आलो नाही. मग तुमचाच निरोप आला, भोसरीतल्या तुमच्या एका जुन्या सहकाऱ्यांना जाऊन भेट, पण नोकरी मागू नकोस, त्यांचं काम काय ते विचार. मी गेलो. त्यांनी अर्धा तास दिला, पॅकची चाचणी कशी होते, रिपोर्ट कसा लिहितात, नवीन मुलं कुठे चुकतात ते सांगितलं. जाताना मी वही दाखवली. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, दुसऱ्या एका कंपनीत जागा निघालीय, अर्ज टाक. तुमचा शब्द असा पोहोचला होता, आणि माझी तयारीही त्याच्याबरोबर पोहोचली होती. ते दोन आठवडे मी मनात तुमच्याशी भांडलो, त्याबद्दल माफ करा.

मुलाखतीची तयारी तुम्ही चार रविवार घेतलीत. मला सगळ्यात अवघड गेलं ते 'माहीत नाही' म्हणायला. मी काहीतरी जुळवून बोलायचो, तुम्ही हात वर करायचात आणि पुन्हा सुरुवात. माहीत नाही, पण असं असं मोजून शोधेन, एवढं वाक्य नीट यायला तिसरा रविवार उजाडला. इंग्रजी अडलं तर हिंदी, हिंदी अडलं तर मराठी, पण आकडा आणि युनिट चुकवायचं नाही, हाही तुमचाच नियम. पगाराचं बोलताना हातात किती ते विचार, पीएफ कुणाच्या नावाने जाणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, ते विचार, हे तर मी तळहातावर लिहून नेलं होतं.

आत तिघे बसले होते. अर्धा तास सगळं नेहमीचंच. मग मधल्या मॅडमनी विचारलं, "पॅकचा एकूण व्होल्टेज ठीक दिसतोय, तरी पॅक खराब असू शकतो का?" काका, मला तुमची डिकीच दिसायला लागली. मी म्हणालो, असू शकतो. माझ्या ३एस पॅकचा ईएससीवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर, कटऑफ (गाडी बंद करायची पातळी) ९.६ व्होल्टला होता, सेलमागे ३.२ धरून. पण ईएससी बेरीज बघतो. दोन सेल ३.५ वर आणि तिसरा २.६ वर, तरी बेरीज ९.६ च. तो तिसरा सेल केव्हाच खाली गेलेला असतो आणि गाडी पळत राहते. म्हणून मी बॅलन्स प्लगच्या चार तारांवर, लोड चालू असताना, एकेक सेल मोजला. त्यांनी वही मागितली. ते पान काढून दिलं. तिघांनी मिळून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच बीएमएस प्रत्येक सेल वेगळा बघतो." बीएमएस म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट. आणि पुढचा प्रश्न होता, कधीपासून येऊ शकाल.

टेस्ट टेक्निशियन, ऑन-रोल, सहा महिने प्रोबेशन. आईला फोन केला तेव्हा ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, त्या काकांना सांगितलंस का?

बग्गी मात्र फेब्रुवारीतच विकली, तुम्हाला माहीतच आहे. दोन महिन्यांचं भाडं निघालं. वाईट वाटलं, पण विकताना वहीतल्या नोंदींची झेरॉक्स गाडीबरोबर दिली. ज्याचा मागचा शॉक गेल्या रविवारी गळत होता तो शाळकरी पोरगा हाच. तुम्ही त्याच्या शेजारी मातीत बसून ओ-रिंग काढत होता आणि तो त्या झेरॉक्सच्या पाठीमागे स्वतःच्या अक्षरात तारीख लिहीत होता. मी ते लांबून पाहत उभा होतो.

या रविवारी येतोय. गाडी नाही, पण ट्रॅकचा चढ पुन्हा खचलाय, फावडं आणतो. तुमची ती ३एस बॅटरी जानेवारीपासून माझ्याकडेच आहे. सेलमागे ३.८ व्होल्टवर स्टोरेजला ठेवली आहे, काल तिन्ही सेल मोजले, सारखे आहेत. तीही घेऊन येतो.

तुमचा,
निळ्या बग्गीवाला