शेनिन ब्लांला ‘गोड वाइन’ म्हणून निकालात काढू नये

महोदय,

शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाकडे ‘नवशिक्यांची गोड वाइन’ म्हणून पाहण्याची सवय पुण्यात रुजली आहे. तो या वाणावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

या द्राक्षाचा खरा स्वभाव गोडीत नाही, आंबटपणात आहे. मूळचे हे फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातले. तेथील वूव्रे परिसरात याच एका वाणापासून साखर जवळजवळ न उरलेली ड्राय, किंचित गोड, मधासारखी गोड आणि फसफसणारी अशा सर्व प्रकारच्या वाइन करतात. मणी पूर्ण पिकला तरी त्यातील आम्लता टिकते, म्हणूनच हे साधते आणि गोड वाइनही जिभेवर चिकट लागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातही हे वाण असे रुजले की आज त्याची लागवड तेथे फ्रान्सपेक्षा अधिक आहे. आपल्या नाशिककडेही फळ धरण्यासाठी केलेल्या ‘गोडी छाटणी’नंतर जानेवारी ते मार्चच्या सुमारास काढणी होते, तेव्हा दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा त्याला मानवतो. घड मात्र दाट. मणी एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे अवकाळी पाऊस झाला की आत पाणी साचून कूज लागते. लुआरमध्ये एक बुरशी याच मण्यांतले पाणी आटवून साखर दाट करते आणि तिला तेथे वरदान मानतात, हे आपल्या बागायतदाराला सांगून पटणे कठीण!

गेल्या महिन्यात डेक्कन परिसरातील एका उपाहारगृहात ही वाइन मला बर्फाचे खडे घालून देण्यात आली. गंध काहीच नव्हता, केवळ थंडपणा आणि गोडी जाणवत होती. मी बिनबर्फाचा दुसरा ग्लास मागवून पंधरा-वीस मिनिटे थांबलो, तेव्हा आधी हिरव्या सफरचंदाचा, मग पिकल्या पेरूचा आणि शेवटी मधाचा वास हळूहळू वर आला. सोबत गरम कोथिंबीर वडी होती. तिच्यातील बेसनाचा जडपणा आणि मिरचीचा तिखटपणा या वाइनच्या आंबटगोड चवीने जितका सुखद केला, तितका मी पूर्वी कोणत्याही पेयाने झालेला अनुभवला नाही. तळलेल्या बोंबलांबरोबरही ती अशीच जुळते, मात्र तेव्हा ड्राय प्रकार निवडावा.

अडचण अशी की, हा प्रकार ओळखायचा कसा, हे बाटलीवरून अनेकदा कळतच नाही. वाइन उत्पादकांनी ड्राय, किंचित गोड की गोड हे लेबलवर समोरच ठळक मराठीत छापावे, काढणीचे वर्षही द्यावे; आणि उपाहारगृहांनी ही वाइन आठ ते दहा अंशांवर, बर्फाशिवाय द्यावी, एवढी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करीत आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे