वैयक्तिक कंठसाधनेच्या तालमीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सामूहिक सरावाबरोबरच प्रत्येकाने आपल्यासाठी नेमलेल्या वैयक्तिक तालमीस नियमित उपस्थित राहावे. समूहात सर्वांना एकाच पट्टीत, म्हणजे आधाराच्या ‘सा’च्या एकाच उंचीवर, गावे लागते. परंतु पुरुषांचा आवाज बहुधा हार्मोनियमच्या काळी एक किंवा दोनच्या (सप्तकातील पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीच्या), तर स्त्रियांचा पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास मोकळा लागतो, आणि त्यातही प्रत्येकाचा पल्ला वेगळा असतो. आपली पट्टी न ओळखता तारसप्तकात (वरच्या सप्तकात) जोर लावल्यास गळा आवळतो आणि स्वर ढळतो. हे दोष समूहात झाकले जातात, म्हणूनच ते एकट्याच्या तालमीत ऐकले जाणे आवश्यक आहे, असे आमचे ठाम मत आहे.

तालमीस येण्यापूर्वी घरी रोज सकाळी तानपुऱ्याच्या साथीने, मध्य षड्जापासून (मधल्या ‘सा’पासून) मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात उतरत, एकेक स्वर आकारात (‘आ’ उच्चारून) दमसास पुरेल तोवर स्थिर धरावा. खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, या मेहनतीला पर्याय नाही. तानपुऱ्याचे ॲप चालेल. मात्र केवळ हार्मोनियमवर विसंबू नये, कारण तिच्या बांधीव स्वरांतून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आणि श्रुतींचे (स्वरांमधील सूक्ष्म अंतरांचे) बारकावे उमटत नाहीत.

घसा बसला असल्यास तालीम टाळावी व तसे आधी कळवावे, म्हणजे पुढची वेळ देता येईल. घोगरेपणा काही आठवडे टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावे.