दोन मीटरांचं घर

ती. आई-बाबांस सा. न.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मध्येच कुकर बघायला उठू नकोस.

बाबा, "आइकमनला धरला तो तुझ्या शहरातच ना?" असं तुम्ही लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांत धाडणाऱ्या त्या नाझी अधिकाऱ्याबद्दल विचारलं होतंत. रविवारी ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला, सान फर्नांडोला जाऊन आले. ११ मे १९६० च्या संध्याकाळी तो कारखान्यातून सुटून बसमधून उतरला आणि घराजवळच मोसादच्या, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेच्या, माणसांनी त्याला उचलला. मग गुंगीचं इंजेक्शन, विमान कर्मचाऱ्याचा गणवेश, इस्रायलच्या एल अल कंपनीचं विमान. तुम्हाला हे पाठच आहे.

मला सांगायचंय लोथार हर्मान यांच्याबद्दल. हे डाखाऊच्या छळछावणीतून सुटून इथे आलेले ज्यू गृहस्थ. दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांच्या मुलीकडे, सिल्व्हियाकडे, क्लाउस आइकमन नावाचा मुलगा यायचा आणि ज्यूंविषयी वाट्टेल ते बरळायचा. बापाने रिकार्डो क्लेमेंट हे नाव घेतलेलं, पोरांनी मात्र आडनाव तेच ठेवलं! हर्मान यांना संशय आला. सिल्व्हिया एकटी क्लाउसच्या तेव्हाच्या घरी गेली. केवढं धाडस! तिथल्या माणसाला क्लाउस नकळत 'बाबा' म्हणून गेला.

हर्मान यांनी जर्मनीतले सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना कळवलं, त्यांनी इस्रायलला. हर्मान यांनी त्या घरात विजेचे दोन मीटर असल्याचंही शोधून काढलं. एक दागोतोच्या नावाचा, दुसरा क्लेमेंटच्या. पण आइकमन म्हणजे घरमालक श्मिट, असा त्यांनी कयास बांधला आणि तो चुकला. झालं! आंधळ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, म्हणून मोसादने प्रकरण बाजूला टाकलं. १९५९ च्या अखेरीस बाउअर यांनी दुसरीकडून क्लेमेंट हेच नाव आणलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. मीटरवरचं नाव तेवढे दिवस तसंच पडून होतं.

वाचताना मला आपल्याकडच्या बँकेतला तो साहेब आठवला. तुम्ही समोर बसलेले, आणि तो मला विचारतोय, "यांना काय हवंय?" मी तेव्हा गप्प बसले, बाबा. त्याचं अजून वाईट वाटतं.

आई, रात्रीचे थेंब चुकवू नकोस. बाबांच्या "उद्या घालू"ला भुलू नकोस.

आणि बाबा, परवा फोनवर मी नाही म्हटलं, पण सर्दी खरंच झाली होती.

तुमची,
मनू