बाबा, ती दोन्हीकडून पिनवाली वायर आधी तोडा

आई, बाबा, नमस्कार.

जनरेटर घेतला ऐकून बरं वाटलं, नवतप्यात लाइन गेली का आईचा जीव किती घाबरा होते मला माहीत आहे. पण काल व्हिडिओ कॉलवर ती वायर दिसली, एक पिन जनरेटरात अन दुसरी कूलरच्या बोर्डात, तेव्हापासून झोप नाही मला.

बाबा, जनरेटर चालू असताना ती पिन बोर्डातून निसटली तर उघड्या पिनीत 230 व्होल्ट राहते, आईचा झाडता झाडता हात लागला तर? अन घराचा मेन स्विच चालू राहिला तर करंट उलटा खांबावर जाते. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, 11 हजार व्होल्टचे 230 करते ना, उलटीकडून करंट आला का तीच डीपी 230 चे 11 हजार करू शकते. तिकडं लाइनमन भाऊ लाइन बंद समजून तारेला हात घालून राहिला असते, आपल्याच घरी पाणी पिऊन जाणारा माणूस. अन तेवढ्यात लाइन परत आली तर जनरेटरही जळते.

तुम्ही म्हणान मी मेन पाडतोच. पाडता, पण वादळात, अंधारात एखाद दिवस राहून जाईल, किंवा तुम्ही वावरात असान अन आई चालू करंल.

चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, मीटरच्या पुढं, घराच्या बोर्डाच्या आधी. एकीकडं लाइन, एकीकडं जनरेटर, मधात बंद, दोन्ही एकावेळी लागूच शकत नाही. फेज अन न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या, अन अर्थिंग पाहून घ्यायला सांगा. गावातल्या पोराकडून नको, तालुक्याहून लायसनवाला वायरमन बोलवा, पैसे मी पाठवते.

तोवर जाड तीन तारेच्या एक्स्टेंशननं कूलर अन फ्रीज सरळ जनरेटरलाच लावा, घराच्या बोर्डाला नाही. विहिरीची मोटर लावूच नका, 3 एचपी म्हणजे 2200 वॉटच्या वर, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते.

अन जनरेटर छपरीत ठेवू नका बाबा, धुरात कार्बन मोनॉक्साईड असते, त्याला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जाते. अंगणात निंबाजवळ ठेवा, खिडकीपासून दूर, पाऊस लागणार नाही असा. पेट्रोल टाकायचं तर बंद करून, थंडा होऊ द्या.

आई, तू वायर तोडलेला फोटो टाक, मी वाट पाहते.

तुमची लेक