आप्पा, त्या दिवशी मी फोन आईकडे द्यायला लावला

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, वारीहून परत आल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "पोरी, तू तिथं नेमकं काय करतेस?" मी "लसीचं काम" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे द्यायला लावला. तेव्हापासून चैन नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. तुम्ही चष्मा लावून ओट्यावर बसून आईला मोठ्याने वाचून दाखवाल, हे माहीत आहे. वाचून झाल्यावर लगेच काही बोलू नका, आधी चहा घ्या.

इथला करार मी आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे. सही गेल्या आठवड्यातच झाली. तुम्हाला विचारून करायला हवी होती, पण विचारलं असतं तर तुम्ही "ये घरी" म्हणाला असतात आणि मी आले असते.

माझं काम प्लेगच्या लसीचं आहे. लस आधी उंदरांना टोचतात. काही आठवड्यांनी त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती किती तयार झाली ते बघतात आणि मग त्यांना खरोखरचा जंतू देतात, श्वासावाटे. लस न दिलेले उंदीरही शेजारच्या पिंजऱ्यात असतात, कारण तुलनेशिवाय काही कळत नाही. ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातात. त्या दिवसांत दर काही तासांनी जाऊन बघायचं काम माझ्याकडे आहे. उंदीर कुबड काढून एका कोपऱ्यात बसला, हात लावला तरी हलला नाही, की त्याला पुढचं दुखणं भोगू द्यायचं नाही असा नियम आहे. तो नियम माझ्या हातून पाळला जातो. हेच तुम्हाला सांगता येत नव्हतं.

मी सातेक वर्षांची असेन. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता आणि त्यात उंदरीण व्याली होती. गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. आई केरसुणी घेऊन आली आणि तुम्ही ती पिल्लं कापसासकट सुपात उचलून बांधावरच्या बोरीखाली ठेवून आलात. मी तुमच्या मागेमागे होते. येताना तुम्ही मला खांद्यावर घेतलंत आणि सांगितलंत, "त्याची माय येईल न्यायला." आप्पा, इथे पहिल्यांदा पिंजरा उघडला तेव्हा ते सूपच डोळ्यांपुढे आलं.

दहावीनंतर तुम्ही घातलेली माळ मी काढून ठेवली आहे. विठोबाच्या फोटोपुढे पितळेच्या वाटीत आहे, रोज अंघोळ झाली की तिला हात लावते. ती गळ्यात घालून त्या दारातून आत जाणं जमेना. खाण्याचं म्हणाल तर काही बदललेलं नाही. अंड्यालासुद्धा शिवलेले नाही.

का करते, ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? सप्टेंबर 1994, सुरतेतला प्लेग. सुरतेजवळच्या उधन्याहून भरलेल्या गाडीने तुम्ही नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला उतरलात, खिशात टेट्रासायक्लिनची पट्टी. मग शेतातली झोपडी. आई भाकरी बांधावर ठेवून मागे फिरायची, आणि मी बांधावरून तुम्हाला हाका मारायचे. तुम्ही लांबूनच हात हलवायचात. तुम्हाला काहीच झालेलं नव्हतं, तरी ते दिवस तुम्ही आजवर कोणाजवळ बोललेला नाहीत. मी तेव्हा चार वर्षांची होते. त्या बांधावरून हलले नाही, असं मला अजूनही वाटतं.

लस तर शंभर वर्षांपूर्वीच निघाली, मग आता काय राहिलं, असं तुम्ही विचाराल. हाफकिनसाहेबांनी मुंबईत ती केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्चला, सावित्रीबाई गेल्या, प्लेग झालेलं पोर पाठीवर आणून. आपल्या भिंतीवरचा त्यांचा फोटो पुसताना आई दर वेळी हे सांगायची. मारलेल्या जंतूंची ती जुनी लस गाठीच्या प्लेगला काही प्रमाणात अडवायची, पण छातीत शिरून खोकल्यातून पसरणाऱ्या प्लेगपुढे तिचा भरवसा नाही. आणि सुरतेची भीती छातीच्याच प्लेगची होती. त्यात औषध पहिल्या दिवसभरात मिळालं नाही तर माणूस सहसा हाती लागत नाही. 2017 मध्ये मादागास्करात तो शहरांत पसरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

आता नव्या लशीत अख्खा जंतू नसतो. त्याच्या अंगावरचं कवच आणि ज्या नळीने तो आपल्या पेशीत विष सोडतो तिच्या टोकाचा एक तुकडा, एवढ्याचीच शरीराला ओळख करून देतात. पण ती माणसावर चालते का, हे तपासायचं कसं? लस टोचून मुद्दाम कोणाला प्लेग देता येत नाही, देऊही नये. रोगी वाट बघून मिळावेत, तर ते थोडे आणि विखुरलेले. म्हणून अमेरिकेने 2002 साली नियम केला की अशा रोगांत जनावरांवरचा पुरावा चालेल, पण तो शक्यतो एकापेक्षा जास्त जातींच्या प्राण्यांत दिसला पाहिजे. प्लेगवरच्या एका गोळीला 2012 मध्ये मान्यता मिळाली ती याच वाटेने, माकडांवरच्या चाचणीवरून.

अडचण अशी की उंदीर वाचला म्हणून माणूस वाचेल असं नाही. याच तऱ्हेच्या लशीने एका जातीची माकडं चांगली वाचली आणि आफ्रिकेतल्या हिरव्या माकडांत भरवसा राहिला नाही, काही वाचली, काही गेली. मी माकडांचं काम करत नाही, आई, घाबरू नकोस. माझं पुढच्या तीन वर्षांचं काम वेगळं आहे. लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातलं पाणी उंदराला द्यायचं आणि तो वाचतो का बघायचं. म्हणजे माणसाला आजार न देता माणसाच्या रक्ताची परीक्षा. हे नीट जमलं तर पुढे उंदीरही कमी लागतील. मी त्यासाठीच थांबले आहे, पगारासाठी नाही. पगार पुण्यातही बरा होता.

इथल्या कायद्याने ज्याच्या हातून हे होतं त्या प्रत्येकाला स्वतःचं लायसन्स काढावं लागतं. शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. किती उंदीर आणि का, याचं लेखी उत्तर आधी द्यायचं. आमच्या गटात एक बाई फक्त हिशोब करतात, की कमीत कमी किती उंदरांत उत्तर मिळेल. मागच्या वेळी त्यांनी दोन पिंजरे कमी केले तेव्हा मला रडू आलं.

आणि मी सुरक्षित आहे. खोलीतली हवा बाहेर जाऊ देत नाहीत, गाळूनच सोडतात. आत जाताना अंगभर वेगळे कपडे, तोंडावर गाळलेल्या हवेची टोपी. पिंजरे काचेच्या बंद कपाटात असतात, हातमोजे आतूनच बसवलेले. जरा कणकण आली तरी कळवायचं आणि लगेच औषध सुरू. इतकी काळजी तर माझी तूसुद्धा घेतली नसशील, आई. बरं, तू घेतलीस. तूच घेतलीस.

खोली उबदार आहे. खिडकीतून एक झाड दिसतं, नाव माहीत नाही. तू दिलेलं कळण्याचं पीठ संपत आलं आहे, पण मी ते आठवड्यातून एकदाच काढते. बट्ट्या इथल्या ओव्हनमध्ये बऱ्या होतात, तूप मात्र तुझ्या तुपासारखं नाही. मोठी भरताची वांगी मिळतात, चवीला पाणचट. झोप व्यवस्थित लागते.

आता माझं ऐका. आप्पा, बीपीची गोळी वारीत बंद केलीत, ते वहिनीने मला सांगितलं. तिला रागावू नका. गोळी उद्यापासून सुरू, आणि पुढच्या वर्षी डॉक्टर हो म्हणाले तरच मुक्ताईच्या पालखीबरोबर पूर्ण चालायचं. नाहीतर शेवटचे चार मुक्काम. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आत, पैसे दादाकडे पाठवले आहेत. आई, माळ्यावर चढायचं नाही. डबा हवा असेल तर दादाला हाक मार. कापूस यंदा घरात भरू नका, खोकला वाढतो. मेलेला उंदीर दिसला तर हाताने उचलू नका, आणि एकदम तीन-चार दिसले तर सरकारी दवाखान्यात कळवा.

मी कानबाईच्या सणाला येते, तिकीट काढलं आहे.

आप्पा, माळेबद्दल तुम्हाला जे म्हणायचं असेल ते मला म्हणा. आईकरवी निरोप नको. मी तुमच्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, तुमचं हरिपाठाचं झालं की करा फोन. मी जागीच असते.

तुमची,
सोनी