जाळं कापणाऱ्या तांडेलांना आभाराचं पत्र

प्रिय तांडेलदादा आणि खलाशी भावांनो,

सप्रेम नमस्कार.

जाळ्यात कासव अडकलं की जाळं कापा, हे किनाऱ्यावर बसून सांगायला काय जातं! जाळं तुमचं, डिझेल तुमचं आणि वाया गेलेली फेरीही तुमचीच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. समुद्री कासवं त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, 2001 पासून व्हेल शार्कही आहे. पण भर समुद्रात हा कायदा पाळला जातो की नाही, हे शेवटी तुमच्या हातातल्या सुरीवरच ठरतं. तुम्ही ती चालवलीत, म्हणून मनापासून आभार.

एका कासवाचं एवढं काय, असं बंदरावर अजूनही कुणीतरी म्हणतंच. बांगडा लवकर वाढतो आणि हजारोंनी अंडी घालतो, त्याची तूट लवकर भरून येते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेते. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात खरी, पण त्यातली अगदी मोजकी पिल्लं मोठी होतात. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर घरट्यांची राखण होते, पण अंडी घालायला येणारी मादीच ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात बुडाली तर त्या राखणीचा उपयोग किती? मुशी (शार्क) आणि पाकटाचंही (रे मासा) तेच आहे, पिल्लं कमी आणि वाढ सावकाश.

कासव हवेत श्वास घेतं, त्यामुळे ट्रॉलची ओढ जितकी लांब, तितका धोका जास्त. तुमच्यातल्या काहींनी निपचित कासव लगेच पाण्यात न ढकलता बोटीवर ठेवून घेतलं, त्याबद्दल वेगळे आभार. मेलेलं वाटणारं कासव पुष्कळदा बेशुद्ध असतं, आणि तसंच सोडलं तर बुडतं. त्याला पोटावरच ठेवायचं, उताणं नाही. मागची बाजू निदान वीतभर उंच करायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी बाहेर येतं. सावलीत, अंगावर ओलं फडकं, पण नाकपुड्या मोकळ्या. मधूनमधून डोळ्याच्या कडेला हलकेच बोट लावून किंवा शेपटी चिमटून पाहायचं. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी चोवीसही. सोडताना इंजिन न्यूट्रलला, जाळं पाण्याबाहेर, आणि कासव डोक्याच्या बाजूने अलगद पाण्यात.

व्हेल शार्कच्या बाबतीत एकच विनंती: शेपटीला दोर बांधून ओढू नका. जाळं कापून बाजूला व्हा, शेपटीच्या टप्प्यात कुणी उभं राहू नका.

1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी तुम्हाला नवी नाही, नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. जास्त अवघड आहे ते ट्रॉलच्या शेपटाला, म्हणजे मासळी गोळा होते त्या टोकाला, 40 मिमीचा चौकोनी आस (जाळ्याचं भोक) लावणं. तिरका आस ओढीच्या ताणाने मिटतो आणि बारकी मासळी आत कोंडते, चौकोनी आस उघडा राहतो. 135 मिमीहून लहान पापलेट धरू नये, हा नियमही अशा जाळ्यानेच पाळता येतो. मासळी एकदा बोटीवर आली की मोजून परत टाकण्यात फारसा अर्थ नसतो, ती बहुतेक मेलेलीच असते.

कापलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकारची 2018 पासूनची भरपाई योजना आहे, जास्तीत जास्त 25,000 रुपये. रक्कम अपुरी आहे, हे आम्हालाही मान्य आहे. तरी ती सोडू नका. अर्ज अडतो तो पुराव्यावर. म्हणून सुरी लावण्याआधी एका खलाशाच्या हातात मोबाईल द्या: अडकलेला प्राणी, कापलेलं जाळं, सुटून जाणारा प्राणी आणि बोटीचा नोंदणी क्रमांक, सगळं एकाच सलग व्हिडिओत. जीपीएसवरची जागा तिथेच लिहून ठेवा. अर्ज भरायला हात हवा असेल तर आम्ही बंदरावर येऊ.

आपले,
किनाऱ्यावर कासव संवर्धनाचं काम करणारे सहकारी