विषय: पोट साफ करायची पावडर आणि तुमची हेल्पलाइन यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी चौथ्यांदा बोलणं झालं. त्यावर डॉक्टरांना विचारलं आणि मग थेट कागद घेऊनच बसलो, तेव्हा एखादा शब्द वाकडा गेला तर तो तुमच्याच खात्यावर मांडा.

मी अमळनेरला राहतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, जळगावला होती, सकाळी 11 ची. दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'पावडर पत्रकाप्रमाणे घेणे' एवढंच होतं (त्यांच्याशी मी वेगळं बोललोय). तुमचं पत्रक इंग्रजीत, अक्षरं खसखशीएवढी. मुलाकडून वाचून घेतलं. त्याबरहुकूम आदल्या संध्याकाळी आख्खी पिशवी 2 लिटर पाण्यात कालवली आणि दर दहा मिनिटांनी एक ग्लास करत तांब्या उपडा होईपर्यंत प्यालो. लिंबाचा स्वाद दिलाय म्हणे. मला तर मिठाच्या पाण्यात साबणाची वडी पडल्यासारखं लागलं. रात्रीच्या खेपा मोजल्या नाहीत. सकाळी रेल्वेने गेलो, कारण एसटीत संडास नसतो.

एवढं करून रिपोर्टवर काय आलं? बोस्टन स्कोअर, म्हणजे आतडं किती साफ झालं त्याचे गुण, 9 पैकी 4. डावी बाजू 2, मधली 1, उजवी 1. तिन्हीकडे किमान 2 लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, म्हणून तर ही तपासणी. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, "या पिवळ्या गाळाखाली गाठ असली तरी दिसायची नाही. परत करावी लागेल."

कारणही त्यांनीच सांगितलं. सगळं औषध संध्याकाळीच संपवलं, तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्ताचा चिकट द्रव खाली उतरतो आणि उजव्या बाजूला लेप बसतो. म्हणून निम्मं औषध तपासणीच्या दिवशी, चार-सहा तास आधी घ्यायचं. पावडर तुमची आणि तिचं वेळापत्रक मला डॉक्टरांनी सांगायचं, तेही एकदा फजिती झाल्यावर!

माझीही एक चूक आहे, लपवत नाही. दोन दिवस आधी शेतात भरीत होतं. वांग्याच्या बिया, वरून शेंगदाणे, आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) दोन भाकरी. पण पत्रकात 'लो रेसिड्यू डाएट' (कमी चोथ्याचं जेवण म्हणे) असे तीनच शब्द आहेत. त्यात भरीत बसतं की नाही, हे खान्देशातल्या माणसाने कसं ओळखायचं?

आता तो फोन. माझा प्रश्न साधा होता. दुसऱ्या वेळी हीच पावडर घ्यायची की दुसरं काही? मला शुगर आहे, बद्धकोष्ठता आहे, किडनी कमजोर आहे, रक्तातलं क्रिएटिनिन 1.9 आहे. हे सगळं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पूर्ण प्यायलात याचा काही पुरावा आहे का?"

पुरावा! मी म्हटलं, "बाई, पुरावा त्याच रात्री वाहून गेला." त्या हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "मग सर, आमची छोटी बाटली घ्या, 45 मिलीची. दोन लिटर प्यायची कटकट नाही." मी विचारलं, त्यात काय असतं? सोडियम फॉस्फेट. मी परत सांगितलं, किडनी, 1.9. तर उत्तर काय? "सर, आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही."

म्हणजे बाटली विकणं हा सल्ला नाही, किडनीबद्दल बोलणं हा सल्ला! डॉक्टरांना विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. या औषधाने किडनी बसल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत 2008 मध्येच कडक इशारा छापायला लावला होता म्हणे. मला अमळनेरमध्ये बसून हे कळतं आणि तुमच्या हेल्पलाइनला कळत नाही. शेजारी बसलेली बायको फोनवरचं सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आते काय करो?"

करायचं ते डॉक्टरांनी ठरवलंय. तीन दिवस बिया, पालेभाजी, दाणे, भाकरी बंद; मऊ भात, साल काढलेला बटाटा. आदल्या दिवशी नुसतं गाळलेलं पातळ. बद्धकोष्ठतेसाठी बिसाकोडिल हे जुलाबाचं औषध. आणि पावडर 4 लिटर, निम्मी संध्याकाळी, निम्मी पहाटे. पावडर तुमचीच, कारण किडनीला त्यातल्या त्यात तीच सुरक्षित. यालाच नशीब म्हणायचं.

पहाटेचा डोस घेऊन प्रवास होणार नाही, म्हणून आदल्या दिवशीच जळगावला लॉज घेतोय. संडास खोलीतच हवा, त्याचे पैसे जास्त. दोन पिशव्या, लॉज, तपासणीची दुसरी फी, सगळ्या पावत्या जपून ठेवतोय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर, मराठी पत्रक आणि दोन वेळच्या डोसची सूचना यांबद्दल काही कळवलं नाही, तर त्या पावत्या जिल्हा ग्राहक आयोगात दिसतील आणि त्या छोट्या बाटलीची गोष्ट अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल. पत्रक मराठीत हवं, हे परत लिहितोय, कारण फोनवर ते तीनदा सांगूनही कुणी टिपून घेतलं नाही.

येत्या मंगळवारी पहाटे 5 वाजता मी लॉजवर तुमचीच पावडर पीत बसलेला असेन. त्या वेळी तुमची हेल्पलाइन चालू असते का, तेवढं आधी कळवा.

एक ग्राहक, अमळनेर